ओळंब्याची दोरी

२०१७च्या पावसाळ्यात नानांनी मिस्त्रीला बोलावणे धाडले, कारण त्यांच्या खोलीच्या दाराची चौकट वाकडी झाली होती. बडोद्याच्या दांडिया बाजारातले आमचे घर जुने आहे, लाकूड पावसात फुगते आणि आषाढात दोनतीन दारे लागेनाशी होतात, त्यामुळे या तक्रारीत घरातल्या कोणालाच वावगे वाटले नाही. मिस्त्री आला, त्याने कोपऱ्यांत गुण्या लावून पाहिला, दार दोनदा उघडून मिटले आणि चौकट सरळ असल्याचे सांगितले. नानांना ते पटले नाही. कलाभवनाच्या इमारतीत ड्रॉइंग शिकलेल्या आणि नंतर पाटबंधारे खात्यात नकाशानवीस म्हणून तीस वर्षे कालव्यांचे छेद रेखलेल्या माणसाला सरळ कशाला म्हणायचे ते एका मिस्त्रीने शिकवावे, हे त्यांना रुचणे शक्य नव्हते. "ओळंबा लाव," ते म्हणाले. मिस्त्रीने चौकटीच्या माथ्याला खिळा ठोकून ओळंबा सोडला, तो दोनचार हेलकावे खाऊन स्थिर झाला, आणि पुढे जे घडले ते मी दारातच उभी असल्यामुळे पाहिले. नाना बराच वेळ त्या दोरीकडे पाहत राहिले. मग त्यांनी तळहाताने उजवा डोळा झाकला आणि उघडला, डावा झाकला आणि उघडला, आणि खुर्चीवर बसत म्हणाले, "तू जा. चौकट बरोबर आहे. मला दोरीच वाकडी दिसते आहे."

वजन टांगलेली दोरी वाकत नसते, हे त्यांना आमच्यापैकी कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते. म्हणून दोष दोरीत नाही, तर पाहणाऱ्यात आहे, इतका साधा निष्कर्ष त्यांनी एका मिनिटात काढला. पण त्या मिनिटापर्यंत पोचायला आठ महिने लागले होते. या आठ महिन्यांत त्यांनी मराठी वर्तमानपत्राची छपाई बिघडल्याची तक्रार केली होती आणि पेपरवाला बदलला होता. न्हाणीघरातल्या फरशा बसवणाऱ्याने एक ओळ तिरकी बसवली आहे, हे त्यांना बसवल्यानंतर अकरा वर्षांनी दिसू लागले होते. ट्यूबलाइट मिणमिणते म्हणून ती दोनदा बदलून झाली होती. आम्ही सर्वांनी त्या तक्रारी म्हाताऱ्या माणसाच्या चिडचिडीच्या खात्यावर मांडल्या. आज तो हिशेब पुन्हा पाहते तेव्हा प्रत्येक तक्रार म्हणजे एकेक स्पष्ट लक्षण होते हे कळते, आणि ती ज्या भाषेत सांगितली जात होती ती भाषा चौकटीची आणि फरशीची असल्यामुळे आम्हाला ऐकू आली नाही, हेही कळते.

डोळा स्वतःची चूक कबूल करत नाही. हे मी अलंकारिक म्हणून लिहीत नाही, ती त्याची रचनाच आहे. प्रत्येक निरोगी डोळ्यातही एक जागा आंधळी असते. जिथून दृष्टीची मज्जा डोळ्यातून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. सतराव्या शतकात एदम मारिओत या फ्रेंच माणसाने ती जागा दाखवून दिली, तोपर्यंत माणसे हजारो वर्षे दोन भोके घेऊन जगत होती आणि कोणालाही त्यांचा पत्ता नव्हता. मेंदू आजूबाजूचा रंग आणि रेघा घेऊन ती जागा भरून काढतो, शिवाय एका डोळ्याचे उणे दुसरा डोळा झाकतो. एकत्र कुटुंबातल्या एखाद्या कर्त्या सुनेसारखा चांगला डोळा गुपचूप दोघांचे काम ओढत राहतो आणि घरातल्या कोणाला काही जाणवत नाही. नानांचा डावा डोळा आठ महिने हेच करत होता. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर चौकट किंचित झुकलेली वाटे, एवढेच. उजव्याने एकट्याने पाहिल्यावर मात्र दोरी मधोमध पोटाशी वळलेली होती आणि त्या वळणाच्या आत एक राखाडी डाग होता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना पडद्याच्या डॉक्टरांकडे नेले. आपल्याकडे दृष्टिपटलाला पडदा म्हणतात, आणि हा शब्द मला शास्त्रीय शब्दापेक्षा बरा वाटतो, कारण चित्र पडद्यावर पडते हे समजायला त्याने मदत होते. या पडद्याच्या मध्यावर सुमारे पाच मिलिमीटर रुंदीचा एक पिवळसर ठिपका असतो, त्याला पीतबिंदू म्हणतात. अक्षर वाचणे, चेहरा ओळखणे, सुई ओवणे, रेघ सरळ आहे की नाही हे ठरवणे, अशी सगळी बारीक कामे हा ठिपका करतो आणि उरलेला पडदा आजूबाजूचे भान ठेवतो. वयाबरोबर या ठिपक्याखाली चरबीयुक्त कचरा साचत जातो. पुष्कळांच्या बाबतीत पेशी हळूहळू झिजतात, त्याला कोरडा प्रकार म्हणतात. शंभरांतल्या दहापंधरा जणांच्या बाबतीत मात्र पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या पाझरतात, आणि पाझरलेल्या पाण्याने पडदा फुगून वर उचलला जातो. हा ओला प्रकार. उचललेल्या पडद्यावर पडलेली सरळ रेघ वाकडी दिसणारच. भिंतीला ओल येऊन गिलावा फुगला की त्यावरचे चित्र फुगते तसेच ते आहे.

तिथे नानांच्या डोळ्याचा ओसीटी नावाचा फोटो काढला. अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावरून पडद्याचे थर उभे चिरून दाखवणारे हे तंत्र १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि आता ते मध्यम आकाराच्या शहरातही सहज मिळते. संगणकावर तो फोटो उमटला तेव्हा आम्हाला त्यात काही समजले नाही, पण नाना पुढे झुकले. त्यांना तो जमिनीचा उभा छेद वाटला. थर, थरांखाली टेकाड, टेकाडाखाली काळी पोकळी. "खाली पाणी साचले आहे," ते डॉक्टरांच्या आधी म्हणाले. बंधाऱ्याखालून पाणी झिरपते तेव्हा नकाशा कसा दिसतो हे त्यांनी आयुष्यभर काढलेले होते. डॉक्टरांनी मान डोलावली आणि मग विचारले की तुम्ही सिगारेट ओढता का. नानांनी ती वीस वर्षांपूर्वी सोडली होती, पण ड्रॉइंग ऑफिसातली त्याआधीची पंचवीस वर्षे हिशेबात होतीच. या आजारात वय आणि वंश आपल्या हातात नसतात. जे थोडेफार हातात असते त्यात तंबाखूचा धूर सर्वांत वर आहे.

उपचार म्हणजे डोळ्यात इंजेक्शन, हे ऐकल्यावर घरात जो सन्नाटा पसरला त्याचे वर्णन मी करत नाही. प्रत्यक्षात ते दहा मिनिटांचे काम निघाले. डोळा थेंबांनी बधिर करतात, आयोडीनच्या द्रावणाने धुतात, आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतरावर पांढऱ्या भागातून केसासारखी बारीक सुई आत घालून औषधाचा ०.०५ मिलिलीटर एवढा थेंब सोडतात. नानांना सुईपेक्षा नंतर दिवसभर डोळ्यात खुपणारे आयोडीन जास्त छळत असे. पहिली तीन इंजेक्शने महिन्याच्या अंतराने आणि पुढची पडद्यावरच्या पाण्याचा अंदाज घेत, जमेल तसे अंतर वाढवत. या औषधांची कहाणी मला फार चटका लावून जाते. नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारे एक प्रथिन शरीरात असते, ते थोपवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले, कारण गाठीलाही वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात. त्याचेच डोळ्यासाठी घडवलेले भावंड, रॅनिबिझुमॅब, २००६ मध्ये आले. दरम्यान काही डॉक्टरांनी कर्करोगाचेच औषध लहान मात्रेत डोळ्यात देऊन पाहिले होते, ते कितीतरी स्वस्त पडत होते, आणि २०११ मध्ये एका मोठ्या अमेरिकी तुलनेत दोन्ही औषधांनी दृष्टी जवळजवळ सारखीच राखल्याचे दिसले. म्हणजे २००४ च्या आधी हा आजार झालेल्या माणसासाठी डॉक्टरांजवळ फारसे काही नव्हते. नानांच्या वडील बहिणीचे यजमान, आमचे काका, नव्वदच्या दशकात मधोमध काळा डाग घेऊन वारले. त्या डागाला आम्ही सर्व जण म्हातारपणाची नजर म्हणत होतो.

औषधाने पाणी उतरले, दोरी थोडी सरळ झाली, पण डाग गेला नाही. आठ महिन्यांत तिथे व्रण धरला होता आणि व्रणावर औषध चालत नाही. "आठव्या आठवड्यात आला असतात तर," एवढेच डॉक्टर म्हणाले आणि वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

ते वाक्य का अपुरे राहिले याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझी अशी समजूत झाली आहे की आमच्या घरात त्याचे मूळ माझ्या आजोबांच्या डोळ्यांपर्यंत जाते. आजोबांना मोतीबिंदू झाला होता. त्या काळच्या सल्ल्याप्रमाणे त्यांनी तो पिकेपर्यंत वाट पाहिली. पिकणे हा शब्द आमच्याकडे आंब्याला आणि मोतीबिंदूला सारख्याच धीराने वापरला जाई. दोन वर्षे ते जवळपास चाचपडत राहिले, मग ऑपरेशन झाले, भिंग काढून टाकले गेले, आणि त्या जागी नाकावर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा आला. तो त्यांनी उशाशी ठेवलेला असे, कारण त्याच्यावाचून त्यांना चष्माही सापडत नसे. नानांच्या पिढीने हे पाहिले आणि त्याच्या पुढच्या पिढीने डोळ्यातच भिंग बसवून तिसऱ्या दिवशी वाचणारी माणसे पाहिली. ते भिंग लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी प्रथम बसवले. युद्धात विमानांच्या काचेचे, म्हणजे खरे तर पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत आणि तरीही डोळा ते मुकाट्याने सोसतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्यानंतर मदुराईच्या अरविंद नेत्रालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे बनवायला सुरुवात केली आणि ती गोरगरिबांच्या आवाक्यात आली. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातल्या पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व अजूनही मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले, म्हणजे जो आजार सर्वांत हमखास बरा होतो त्यानेच सर्वांत जास्त माणसे आंधळी राहतात, आणि याचे कारण डॉक्टरी विद्येत नसून अंतर, पैसा आणि "आता या वयात कशाला" या चार शब्दांत आहे.

पण मोतीबिंदूच्या या यशाने आमचे एक नुकसान केले. नजर अंधुक झाली की मोतीबिंदू, मोतीबिंदू म्हटले की घाई नाही, आणि केव्हाही काढला तरी नजर परत येते, अशी एक साखळी आमच्या डोक्यात पक्की बसली. ज्या आजारात गेलेली नजर परत येत नाही त्यालाही आम्ही त्याच साखळीत ओवले.

माझ्या आत्याच्या बाबतीत तर हे शब्दामुळे घडले. आत्या, नानांची धाकटी बहीण, सत्तरीतही चष्मा न लावता सुईत दोरा ओवत असे आणि याचा घरात सर्वांना अभिमान होता. तेवढ्यात ती दारांना खांदा आपटू लागली. जमिनीवर ठेवलेला तांब्या तिच्या पायाने कलंडे, ओटल्याची शेवटची पायरी चुके, आणि रावपुऱ्यात रस्ता ओलांडताना डावीकडून येणारी स्कूटर तिला आयत्या वेळी दिसे. आम्ही तिला वेंधळी म्हणू लागलो. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईच्या डोळ्यांना काय होणार! चष्म्याच्या एका दुकानात तिचा नंबर तीनदा बदलला गेला, फलकावरची अक्षरे ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असल्यामुळे तिथे कोणाला संशय आला नाही, आणि डोळे खाजतात म्हणून औषधाच्या दुकानातून एक बारीक बाटली आणून ती वर्षानुवर्षे थेंब घालत राहिली. त्या थेंबांत स्टेरॉइड होते. स्टेरॉइडच्या थेंबांनी काही माणसांच्या डोळ्यांतला दाब वाढतो. तिच्या आजारात त्या बाटलीचा वाटा किती आणि वंशाचा किती, हे नंतर कोणालाच सांगता आले नाही.

शेवटी ज्या डॉक्टरांनी डोळ्याच्या मागे वाकून पाहिले ते गुजराती होते, आणि त्यांनी "झामर छे" असे सांगितले. आत्याने घरी येऊन ते मराठीत सांगितले: काचबिंदू. आणि या भाषांतरात भीती गळून पडली. गुजरातीत मोतियो आणि झामर हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. मराठीत मोतीबिंदू आणि काचबिंदू सख्खी भावंडे वाटतात, त्यामुळे आमच्या घरात लगेच "पिकला की काढून टाकू" असे ठरलेसुद्धा. शेजारच्या बेन मात्र झामर हा शब्द ऐकून हातातले काम टाकून आल्या, कारण त्यांच्या सासऱ्यांची नजर त्यानेच गेली होती, आणि आत्याला रागावून म्हणाल्या की हे पिकत नाही, हे नुसते जाते. मराठी शब्दाचा दोष आजचा नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत तिमिर, काच आणि लिंगनाश या दृष्टी मंदावत जाण्याच्या पायऱ्या आहेत, म्हणजे काच हा शब्द तिथे मोतीबिंदूच्याच घरात राहतो. युरोपातही दोन्हींची सरमिसळ शतकानुशतके होती. १७०५ मध्ये ब्रिसो नावाच्या फ्रेंच डॉक्टराने एका मृत सैनिकाचा डोळा उघडून पाहिला तेव्हा कुठे मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंगच गढूळ झालेले असते, हे स्पष्ट झाले. काचबिंदूत भिंगाला काहीच होत नाही. डोळ्यात सतत तयार होणारे आणि सतत निचरणारे पाणी नीट निचरेनासे झाले की दाब वाढतो, आणि डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या मज्जेतले दहाबारा लाख तंतू एकेक करून मरतात. मेलेला तंतू पुन्हा जिवंत करण्याची विद्या आज कोणाजवळ नाही. कधीकधी दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर या नेहमीच्या मर्यादेत असूनही तंतू मरतात, त्यामुळे नुसता दाब मोजूनही भागत नाही. एका प्रकारात निचऱ्याचा कोपरा एकदम बंद होतो, डोके फुटेल असे दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती कडी दिसतात, आणि माणूस पोटाचे दुखणे समजून दवाखान्यात पोचतो. तेव्हा तासांचा हिशेब असतो. पण आत्याचा प्रकार मुका होता. त्याने कडेकडेने कुरतडत आणून मध्यभाग शेवटपर्यंत शाबूत ठेवला. सुईत दोरा जात होता तो त्या उरलेल्या नळीतून.

आत्या आज रोज रात्री एक थेंब घालते. त्याने काही परत आलेले नाही, जे होते ते गेली नऊ वर्षे तसेच राहिले आहे. ज्या औषधाचा फायदा कधीच जाणवत नाही ते जन्मभर न चुकता घेत राहणे किती अवघड असते, हे तिच्याकडे पाहून कळते. थेंबाने तिच्या पापण्यांचे केस मात्र लांब झाले आहेत आणि ते ती नाटकातल्या नटीसारखे उघडझाप करून दाखवते.

आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. आत्या म्हणजे काही सख्खे भावंड नव्हे, पण डॉक्टरांनी मलाही बसवले. मज्जेच्या तोंडाशी वाटीसारखा खळगा असतो, तो माझ्या डोळ्यांत जरा मोठा आहे, म्हणून मी संशयितांच्या यादीत आहे आणि दर वर्षी दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घेते. एक डोळा झाकून अर्ध्या गोलात तोंड घालायचे, मधल्या ठिपक्यावर नजर रोखायची, आणि आजूबाजूला कुठेही उजेडाची टिकली लुकलुकली की बटण दाबायचे. यात काही टिकल्या इतक्या फिकट असतात की दिसली की भास झाला हे ठरत नाही, आणि कित्येक सेकंद काहीच लुकलुकत नाही तेव्हा आपला तो भाग गेला आहे अशी खात्री वाटू लागते. यंत्र मुद्दामच तसे करते, हे ठाऊक असूनही मी दर वर्षी घामाघूम होऊन बाहेर येते आणि परीक्षेत कॉपी केल्यासारखे वाटते, कारण दोनचारदा न दिसताच बटण दाबलेले असते. तेही यंत्र नोंदवते.

नानांची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. पहिल्या इंजेक्शनांनंतर डॉक्टरांनी त्यांना एक चौकोन दिला होता. मार्क अॅम्सलर या स्विस डॉक्टरांचा तो चौकोन दहा सेंटिमीटरचा असतो, त्यात पाच मिलिमीटरच्या चारशे चौकटी आणि मधोमध एक ठिपका असतो. तो वाचनाच्या चष्म्यातून फूटभर अंतरावर धरायचा, एक डोळा झाकायचा, ठिपक्याकडे पाहायचे आणि कुठली रेघ वाकते किंवा तुटते ते बघायचे. दवाखान्यातून मिळालेली प्रत झेरॉक्सची झेरॉक्स होती. नानांनी फूटपट्टी लावून चौकट ४.८ मिलिमीटरची भरते असे दाखवले, ती बाजूला ठेवली, आणि ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर काढून डाव्या डोळ्याने तीन दिवसांत स्वतःचा चौकोन रेखला. तो आमच्या फ्रिजच्या दारावर आहे. आणि चौकोनाच्या जोडीला मिस्त्रीने ठोकलेल्या खिळ्यावरून ओळंबाही तिथेच टांगलेला राहिला, कारण नानांच्या मते कागदापेक्षा पृथ्वी अधिक भरवशाची.

एप्रिल २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, एका सकाळी त्यांनी डाव्या डोळ्याने दोरीकडे पाहिले आणि म्हणाले, "गुरुवारी सरळ होती, आज नाही." आम्ही सर्वांनी थोडे थांबू या म्हटले. शहरात रुग्णवाहिकांचे आवाज थांबत नव्हते आणि ते ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांनी दोन मास्क लावले आणि रिक्षा बोलावण्यास सांगितले. दुसऱ्या डोळ्यातही ओलावा सुरू झाला होता, पण तो पाच दिवसांचा होता, आठ महिन्यांचा नव्हता. त्या डोळ्यात आजवर एकोणीस इंजेक्शने झाली. अक्षर आता मोठे लागते, भिंग लागते, टेबलावरचा दिवा जवळ ओढावा लागतो, पण तो डोळा वाचतो. बाकी गाजराच्या रसाचा पेला ते सर्व नातेवाईकांच्या आग्रहाखातर पितात. काही ठरावीक जीवनसत्त्वे आणि जस्त यांच्या मिश्रणाने मधल्या टप्प्यातला आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका सुमारे पाव भागाने घटतो, हे २००१च्या अमेरिकी अभ्यासात दिसले होते. त्या मिश्रणाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्याच आहेत. रसाचा त्यांच्याशी संबंध नाही, हे मी नातेवाइकांना सांगून थकले.

एक गोष्ट मात्र त्यांनी आमच्यापासून वर्षभर लपवली. संध्याकाळी दिवे लागण्याआधी त्यांना समोरच्या भिंतीवर जाळीदार नक्षी दिसे, आणि कधी त्या नक्षीतून लाल पगड्या घातलेली वीतभर उंचीची माणसे ओळीने चालत जात. आवाज अजिबात नसे. नानांना भुतांवर विश्वास नाही, त्यामुळे आपले डोके फिरत चालले आहे अशी त्यांची समजूत झाली आणि ती भुतापेक्षा वाईट होती. एका तपासणीच्या वेळी डॉक्टरांनीच सहज विचारले, की नसलेले काही दिसते का. नाना गप्प झाले. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी पगड्यांबद्दल सांगितले. १७६० मध्ये शार्ल बोने या स्विस विद्वानाने आपल्या आजोबांविषयी हेच लिहून ठेवले आहे. नजर अधू झालेल्या पण बुद्धीने खणखणीत असलेल्या त्या म्हाताऱ्याला माणसे, पक्षी, गाड्या आणि इमारती दिसत, आणि त्या खऱ्या नाहीत हे त्याला पक्के ठाऊक असे. पडद्याकडून येणारा मजकूर कमी झाला की मेंदू रिकामी जागा स्वतःच्या भांडारातून भरतो. मारिओतच्या भोकाचीच ही मोठी आवृत्ती. घरी येताना नाना रिक्षात म्हणाले, "पगड्या तांबेकरांच्या वाड्यातल्या आहेत." बडोद्यातल्या त्या जुन्या वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे दाखवायला ते लहानपणी आम्हाला कितीदा नेत असत. तसे असेल किंवा नसेल. पण त्या दिवसापासून ते संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसतात आणि काय दिसले ते आत्याला सांगतात, आणि कडेचे काही न दिसणारी आत्या मधले काही न दिसणाऱ्या भावाचे वर्णन ऐकताना मधूनमधून "नथी?", म्हणजे "नाही?", असे गुजरातीत विचारते. नथ घातलेली बाई अजून आलेली नाही, म्हणून.

आता ते कोणाशीही बोलताना त्याच्या कानाकडे पाहतात. मधल्या डागाला बगल देऊन कडेच्या पडद्याने पाहण्याची ही सवय त्यांनी मेहनतीने लावून घेतली आहे. समोरच्याला मात्र नाना आपल्याकडे दुर्लक्ष करत आहेत असे वाटते. गेल्या रविवारी त्यांनी मला दारापाशी उभे केले आणि दोरी कशी दिसते ते विचारले. मी सरळ म्हटले.

"एक डोळा झाक," ते माझ्या कानाला म्हणाले, "आणि मग सांग."